पुळणीतल्या माडाचं खत
कोकण किनाऱ्यालगतच्या पुळणीत माडाच्या आळ्यात घागरभर पाणी ओता. बघता बघता जिरतं, आणि जाताना विरघळलेला नत्र-पालाशही घेऊन जातं. वाळूचा कण जाडा, अन्नद्रव्यं धरून ठेवायला त्याच्याकडे जागाच नसते. ती जागा कुजलेलं शेणखत करून देतं. त्यातल्या ह्यूमसवर ऋणभार असतो. अमोनियम, पालाश, कॅल्शियम त्याला चिकटून राहतात आणि मुळांना हळूहळू मिळतात.

मोठ्या माडाला वर्षाला साधारण ५० किलो शेणखत लागतं. एकदा घालून भागत नाही, दमट उष्ण हवेत ते लवकर झिजतं. नारळाची सोडणं बंबात घालण्यापेक्षा आळ्यात पुरावीत; ओल धरतात, शिवाय पालाश देतात. शेणाचा उकिरडा मात्र बागेला खेटून नको. माडाचा वैरी गेंड्या भुंगा तिथेच अंडी घालतो.