रोगाचा पत्ता (लेखांक ५) : शिकागोतले दोन मृत्युदर

१९८० साली शिकागो शहरात स्तनाच्या कर्करोगाने दगावणाऱ्या स्त्रियांमध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय असा फारसा फरक नव्हता. दोघींचा मृत्युदर जवळजवळ सारखा होता. २००३ चे आकडे तपासले, तेव्हा कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्युदर गोऱ्या स्त्रियांपेक्षा ६८ टक्क्यांनी जास्त भरला. हे आकडे मांडले शहराच्या पश्चिम भागातल्या सायनाय अर्बन हेल्थ इन्स्टिट्यूटच्या स्टीव्हन व्हिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ही मंडळी ज्या वस्तीत काम करत होती, तिथल्याच बायका या आकड्यांत होत्या.

मागच्या लेखांकात आपण वारशाने कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या बीआरसीए जनुकांविषयी बोललो. त्यामुळे इथेही पहिली शंका रक्ताचीच येणार. पण जनुके तेवीस वर्षांत बदलत नाहीत. १९८० मध्ये मृत्युदर सारखे होते आणि २००३ मध्ये नव्हते, तर मधल्या काळात काहीतरी बाहेरचे बदलले असले पाहिजे. ते काय, हे आकड्यांतच दिसते. कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्युदर वाढला नव्हता, तो होता तिथेच राहिला. गोऱ्या स्त्रियांचा मात्र झपाट्याने खाली आला. या दोन दशकांत मॅमोग्राफी सर्रास झाली, टॅमॉक्सिफेनसारखी औषधे रुळली, केमोथेरपी सुधारली. शहरात आलेले हे सगळे शहराच्या एका भागात पोचले, दुसऱ्या भागात पोचलेच नाही. १९८० ची ती बरोबरी खरे तर दोघींनाही फारसे काही देता येत नसल्याची होती. देण्याजोगे काही हाती आले आणि वाटणीतला पक्षपात उघडा पडला.

सबंध अमेरिकेचे चित्रही याच जातीचे आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होण्याचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच आहे, पण त्याने मरण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त. रोग कमी आणि मरण जास्त, याचा उलगडा शरीरात शोधून अर्धाच होतो. उरलेला अर्धा शोधायला शहराचा नकाशा उघडावा लागतो.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडच्या राज्यांतले कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडच्या शहरांकडे निघाले. १९७० पर्यंत जवळपास साठ लाख माणसे अशी हलली आणि त्यांतला मोठा लोंढा शिकागोत उतरला. कत्तलखाने आणि पोलाद कारखान्यांत त्यांना काम होते, राहायला मात्र दक्षिण भागातली एक अरुंद पट्टी. बाहेरच्या मोहल्ल्यांत घरमालक आपापसांत करार करून ठेवत, की हे घर कृष्णवर्णीय माणसाला विकायचे नाही, भाड्यानेही द्यायचे नाही. १९४८ पर्यंत न्यायालये हे करार राबवून देत होती.

त्यात सरकारचे नकाशे आले. महामंदीत बुडणारी घरकर्जे वाचवायला १९३३ मध्ये एक सरकारी महामंडळ निघाले. त्याने दोनशेहून जास्त शहरांतल्या वस्त्यांची प्रतवारी केली : हिरवा रंग उत्तम, मग निळा, मग पिवळा आणि शेवटी लाल, म्हणजे ‘धोकादायक’. मूल्यमापकाच्या छापील फॉर्मवर त्या वस्तीत कृष्णवर्णीय राहतात का आणि कोणत्या लोकांची ‘घुसखोरी’ चालू आहे, हे भरायला स्वतंत्र रकाने होते. वस्त्या या नकाशांनी विभागल्या असे म्हणणे चूक ठरेल, त्या आधीच विभागलेल्या होत्या. पण विभागणीवर सरकारी शिक्का बसला. घरकर्जांना सरकारी हमी देणाऱ्या खात्याचे नियमही याच विचारावर चालत. ज्या भागाला कर्ज नाही, तिथे घराची डागडुजी होत नाही, दुकान निघत नाही, ज्याला जमते तो निघून जातो. नगरपालिकेचा कर कमी जमतो, शाळा आणि दवाखाने झिजतात. घरांबाबतचा भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा १९६८ चा. त्याच्या दोन वर्षे आधी मार्टिन ल्यूथर किंग याच प्रश्नासाठी शिकागोत आले, पश्चिम भागातल्या एका पडक्या इमारतीत बिऱ्हाड करून राहिले, आणि मार्केट पार्कच्या मोर्चात त्यांच्या डोक्याला दगड लागला.

हे सगळे जुने झाले असे वाटत असेल, तर अटलांटा परिसरातला २०२१ चा एक अभ्यास पाहावा. संशोधकांनी आजच्या काळातली गृहकर्जाची आकडेवारी घेतली आणि कर्ज नाकारले जाण्याचे प्रमाण जास्त असलेल्या वस्त्या ओळखल्या. तिथल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांना त्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका इतर वस्त्यांतल्या रुग्णांच्या तुलनेत दीडपटीहून जास्त निघाला. कर्ज नाकारणारी बँक आणि छातीतली गाठ यांना जोडणारी एकच तार नाही, अनेक आहेत. त्यांतल्या ज्या शिकागोत स्पष्ट दिसतात, त्यांच्याकडे वळू.

सगळ्यात जाड तार दवाखान्याची. व्हिटमन, डॉ. डेव्हिड ॲन्सेल आणि इतरांनी २००७ मध्ये शहरातल्या डॉक्टरांना आणि वस्त्यांतल्या संघटनांना एकत्र बसवून एक कार्यगट उभा केला. प्रश्न सरळ होता : बाई मॅमोग्राफीला जाते तेव्हा पुढे नेमके काय होते? स्त्रिया तपासणीला येत नाहीत, त्यांना भीती वाटते, जागृती नाही, असा डॉक्टरमंडळींचा ठरलेला सूर असतो. शिकागोत तो पुरेसा खरा नव्हता. कृष्णवर्णीय स्त्रिया तपासणीला जात होत्या. फक्त त्या जिथे जात होत्या, तिथे डिजिटल यंत्रे कमी होती, आणि फक्त स्तनाच्या चित्रांचाच अभ्यास असलेले रेडिओलॉजिस्टही कमी. मोठी विद्यापीठीय रुग्णालये त्यांच्या वाट्याला कमी येत होती. दिवसभर हाडे, फुप्फुसे, पोट असे सगळे पाहणाऱ्या डॉक्टरांपुढे मॅमोग्राफीचे चित्र आले, तर तांदळाएवढा ठिपका नजरेतून सुटणे सहज शक्य आहे. बाई ‘सगळे ठीक आहे’ असा कागद घेऊन घरी जाते आणि गाठ वाढत राहते. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत अन्यायाची वाटते. जिने सांगितले ते सगळे केले, तिलाच आपण नंतर उशीर केल्याबद्दल बोल लावतो.

ठिपका दिसला तरी पुढची वाट लांबच असते. पुन्हा बोलावणे येते, वेगळे चित्र काढतात, बायोप्सी होते, अहवाल येतो, मग शस्त्रक्रियेची तारीख, मग महिनोन्‌महिने केमो किंवा रोज रेडिएशन. यांतली प्रत्येक पायरी वेगळ्या इमारतीत असेल, त्या इमारती शहराच्या दुसऱ्या टोकाला असतील, आणि कामावरची रजा बिनपगारी असेल, तर किती जणी शेवटच्या पायरीपर्यंत टिकतील? शिकागोची रेड लाइन ही लोकलगाडी दक्षिणेकडे ९५व्या रस्त्यावर संपते. त्यापलीकडे १३०व्या रस्त्याच्या आसपास राहणाऱ्यांना आधी बस आणि मग गाडी. हा मार्ग पुढे नेण्याचे आश्वासन तिथल्या लोकांनी १९६९ पासून ऐकले आहे. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक नेपरव्हिल किंवा शॉमबर्ग अशा शिकागोच्या उपनगरांत राहतात. त्यांना घराजवळ नीट रुग्णालय मिळते आणि दारात गाडी असते. त्यांचेही शिकागो तेच, हे शिकागोही तेच.

१३०व्या रस्त्यापाशी आल्टगेल्ड गार्डन्स नावाची वसाहत आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी सरकारने ती १९४५ मध्ये बांधली. आजूबाजूला कचऱ्याचे डेपो, रासायनिक आणि पोलाद कारखाने, मैलापाणी प्रक्रिया केंद्र. हेझल जॉन्सन या सात मुलांच्या आईने तिथे संसार केला. त्यांचे पती १९६९ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. पुढे शहराच्या आग्नेय भागात कर्करोगाचे प्रमाण जास्त असल्याचे त्यांच्या कानावर आले, तेव्हा त्या वही घेऊन दारोदार फिरल्या आणि कोणाला काय आजार आहे ते लिहून घेऊ लागल्या. त्यांनी काढलेल्या संघटनेने घरांतले ॲस्बेस्टॉस काढायला लावले. त्या लढ्यात १९८०च्या दशकात बराक ओबामा नावाचा तरुण कार्यकर्ताही होता. कारखान्यांच्या कड्यात अडकलेल्या आपल्या वसाहतीला जॉन्सनबाई ‘विषारी डोनट’ म्हणत. १९९४ मध्ये बिल क्लिंटन यांनी पर्यावरणीय न्यायाच्या आदेशावर सही केली, त्या प्रसंगी त्या हजर होत्या. तो आदेश २०२५ च्या जानेवारीत रद्द झाला.

एका वसाहतीतल्या एकेका रुग्णाबाबत ‘याला हाच कारखाना कारण’ असे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते आणि कंपन्यांचे वकील नेमके तिथेच बोट ठेवतात. पण बाहेरची प्रदूषित हवा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्येच जाहीर केले. तशा हवेत कोणाला राहावे लागले, हा मुद्दा उरतो. तंबाखूचेही तसेच. मेंथॉलच्या सिगारेटींच्या जाहिराती कंपन्यांनी कृष्णवर्णीय वस्त्यांत अनेक दशके ठरवून ओतल्या आणि आज कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांपैकी दहात आठ जण मेंथॉलच ओढतात. ताज्या भाजीपाल्याची दुकाने येतात आणि जातात : शिकागोतल्याच एंगलवूड वस्तीत गाजावाजा करून २०१६ मध्ये उघडलेले ‘होल फूड्स’चे दुकान २०२२ मध्ये बंद झाले.

आता शरीराकडे परत येऊ, कारण ते टाळले तर लेख एकांगी होईल. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ नावाचा स्तनकर्करोगाचा आक्रमक प्रकार कृष्णवर्णीय स्त्रियांत गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आढळतो. संप्रेरकांवर चालणारी औषधे त्यावर लागू पडत नाहीत. यात वारशाचा भाग आहे. पण शिकागो विद्यापीठात मार्था मॅक्लिंटॉक, सुझान कोन्झेन, नायजेरियात जन्मलेल्या ओलुफुन्मिलायो ओलोपाडे आणि सारा गेलर्ट यांच्या गटाने वस्ती आणि पेशी यांच्यामधला रस्ता शोधायचा प्रयत्न केला. उंदरांची एक जात कळपात राहते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिच्यातल्या काही माद्या एकेकट्या ठेवल्या. त्या भेदरट झाल्या, ताणाचे संप्रेरक त्यांच्या रक्तात जास्त वेळ टिकू लागले आणि त्यांच्या स्तनांत जास्त व जास्त घातक गाठी झाल्या. उंदरावरून माणसाचे सगळे सांगता येत नाही. तरी ओस पडलेल्या इमारती, रात्रीचे गोळीबार आणि त्यामुळे दाराआड कोंडलेले आयुष्य यांचा शरीरात काहीच हिशेब होत नसेल, असे मानणे आता कठीण आहे.

यावर काय केले, हेही सांगायला हवे. इलिनॉय राज्याने २००९ मध्ये कायदा करून मॅमोग्राफीसाठी रुग्णालयांना मिळणारी रक्कम वाढवली आणि तपासणीचा दर्जा मोजायला सुरुवात केली. कार्यगटाने बायकांना हाताला धरून योग्य केंद्रात नेणारी माणसे नेमली. पुढच्या वर्षांत शिकागोतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्युदर इतर बऱ्याच मोठ्या शहरांपेक्षा वेगाने उतरला.

डेलावेअर हे छोटे राज्य त्याहून पुढे गेले. तिथला प्रश्न मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा. २००२ पासून राज्याने सगळ्यांना कोलोनोस्कोपी उपलब्ध करून दिली, प्रत्येक रुग्णालयात वाट दाखवणाऱ्या परिचारिका ठेवल्या आणि विमा नसलेल्यांच्या उपचारांचा खर्च स्वतः उचलला. कृष्णवर्णीय नागरिकांतले तपासणीचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेले, गोऱ्यांइतकेच. पसरलेल्या अवस्थेत सापडणारे रुग्ण ७९ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आले. कृष्णवर्णीयांचा मृत्युदर ४२ टक्क्यांनी घटून गोऱ्यांच्या जवळ पोचला. याला लागला सात-आठ वर्षांचा काळ, आणि रहिवाशांची जनुके तीच होती.

पुढच्या आठवड्यात : मिसिसिपी नदीकाठचा बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स हा ८५ मैलांचा पट्टा आणि तिथल्या कारखान्यांशेजारची गावे.