एमएफएचा अर्ज करताय? आधी हस्तलिखित बघा!

अमेरिकेत सर्जनशील लेखनाची पदव्युत्तर पदवी म्हणजे एमएफए. १९३६ साली सुरू झालेली आयोवा विद्यापीठाची रायटर्स वर्कशॉप ही त्यातली सगळ्यांत नावाजलेली. (दिलीप चित्रे गेले होते तो आयोवाचाच इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम, पण तो पदवीचा अभ्यासक्रम नाही. दोन्हींत गल्लत नको!)

अर्जात काय काय लागतं?

✍️ लेखनाचा नमुना: निवड मुख्यतः यावरच होते. कथेची साधारण २०-३० पानं किंवा १० कविता. प्रत्येक ठिकाणची मर्यादा वेगळी. सगळ्यांत जमलेली कथा पहिली ठेवा. परीक्षकांसमोर शेकडो अर्ज असतात, पहिल्या दोन पानांतच पकड हवी.

📄 उद्देशपत्र: काय लिहिता, काय वाचता, पुढे काय लिहायचंय, एवढं नेमकं सांगा. 'लहानपणापासून वाचनाची आवड' हे वाक्य सरळ गाळा.

📬 शिफारसपत्रं: बहुधा तीन. तुमचं लेखन खरंच वाचलेल्या माणसाकडून घ्या, हुद्द्याला भुलू नका.

💰 पैसे: ऑस्टिनचं मिचनर सेंटर आणि कॉर्नेल विद्यापीठ प्रवेश मिळालेल्या सर्वांना फी माफ करून वर विद्यावेतनही देतात. म्हणूनच तिथे चुरस जबरदस्त: कॉर्नेल वर्षाला जेमतेम आठ जण घेतं.

🗓️ मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या आसपास, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये. जीआरई बऱ्याच ठिकाणी लागत नाही. अर्जाची फी मात्र दर विद्यापीठाला वेगळी भरावी लागते, तेव्हा यादी आटोपशीर ठेवा.

मराठीत लिहिणाऱ्यांनो, नमुना इंग्रजीतच द्यावा लागतो. अनुवादाला वेळ लागतो, उन्हाळ्यातच कामाला लागा!