ग्रिप म्हणजे कोल्हापुरी चप्पल नव्हे

"मॅडम, चप्पल नवी असताना चावतीच की. आठ दिवस वापरली की बसती पायाला. तसंच हे."

पिस्तुलाच्या ग्रिपबद्दल, म्हणजे मुठीबद्दल, हे वाक्य मी कोल्हापुरात दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर ऐकलंय, क्रीडा संकुलात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलंय. 1 ऑगस्ट 2024 ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं. तेव्हापासून मुलांना नेमबाजीला घालायचं मनावर घेतलेले पालक जास्तच भेटू लागले, आणि त्यांच्याबरोबर हे वाक्यही. पालक प्रेमापोटी बोलतात, हौसेनं बोलतात, पोटाला चिमटा काढून पिस्तूल घेतलेलं असतं म्हणून बोलतात. पण वाक्य साफ चुकीचं आहे आणि त्याची किंमत मुलं मोजतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

परवाचीच गोष्ट. आठवीतली मुलगी, सहा महिन्यांपासून दहा मीटर एअर पिस्तूल मारते. सराव संपल्यावर तिचा हात पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी लाल वळ, करंगळीच्या बाजूला तळव्यावर पाम रेस्टची (ग्रिपच्या तळाशी हात टेकवायच्या फळीची) खोल रेघ, आणि मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर घट्टा. पिस्तूल परदेशी, उत्तम. ग्रिप मात्र मीडियम साइजची, आणि तिचा हात त्याहून दोन साइज लहान. वडिलांना विचारलं, तर म्हणाले, "वाढत्या अंगाची घेतलीया." शाळेचा गणवेश दोन बोटं मोठा घ्यायचा, हे आपल्या घराघरांतलं शहाणपण आहे, आणि गणवेशापुरतं ते बरोबरही आहे. सैल सदऱ्यात मूल शिकू शकतं. सैल ग्रिपवर नेमबाजी शिकता येत नाही. शिकली जाते ती चूक, आणि ती हाताला इतकी पक्की बसते की पुढे दोन वर्षं ती मोडण्यात जातात.

आता त्या चपलेचं पाहू. कोल्हापुरी का बसते? तिचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. ते घाम पितं, उबेनं मऊ होतं, पायाच्या वजनाखाली दबतं आणि दबलं की तसंच राहतं. महिन्याभराने आतल्या तळावर टाचेचा आणि बोटांचा ठसा दिसतो, तो त्यामुळे. नेमबाजीच्या पिस्तुलाची ग्रिप बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते, नाहीतर थर चिकटवून दाबलेल्या लाकडाची. हाताच्या दाबाने ती केसभरही दबत नाही. दबू नये म्हणूनच हे लाकूड निवडलेलं असतं. मग आठ-पंधरा दिवसांनी "बसली" असं जे वाटतं, त्यात बसलेलं असतं कोण? हात. मनगट थोडं आत वळतं, बोटं सरकतात, अंगठा नको तिथे दाबायला शिकतो. लाकूड जसंच्या तसं, आणि तेरा वर्षांचं मनगट वाकडं.

यावर लगेच दुसरा प्रश्न येतो: थोडं वळलं मनगट, तर काय बिघडलं? नेम तर धरता येतो ना?

इथे एक हिशेब करावा लागतो. एअर पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साईटमधलं, म्हणजे नेम धरायच्या दोन खुणांमधलं, अंतर साधारण 350 मिलिमीटर धरा. टार्गेट दहा मीटरवर, म्हणजे 10,000 मिलिमीटरवर. पुढची साईट मागच्या खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला गेली, तर छर्रा टार्गेटवर 28 मिलिमीटरांहून जास्त बाजूला जातो. दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर. म्हणजे साईटमधल्या एका मिलिमीटरने दहाचा सात होतो. याउलट दोन्ही साईट एकमेकींशी बरोबर जुळलेल्या असतील आणि अख्खा हातच पाच मिलिमीटर डावीकडे हलला, तर छर्राही पाचच मिलिमीटर डावीकडे जातो, आणि तो अजून दहाच असतो. हात हलतो याची भीती सगळ्यांना वाटते. खरी भीती मनगट वळण्याची हवी.

चुकीची ग्रिप नेमकं हेच करते. हात वर आला की पुढची साईट खाचेच्या मधोमध न येता एका बाजूला येते. मुलगी ती मनगटाच्या जोरावर मध्ये आणते. पहिले पंधरा-वीस शॉट आणते. पण मॅच साठ शॉटची असते, वेळ 75 मिनिटं. चाळिसाव्या शॉटला मनगट थकतं आणि ट्रिगर सुटण्याच्या क्षणी आपल्या मूळ जागी परत जातं. घरचे म्हणतात, शेवटी एकाग्रता कमी पडते, योगासनं कर, बदाम खा. एकाग्रता बिचारी जागेवर असते. शेवटच्या वीस शॉटमध्ये ग्रिप बोलत असते.

कोल्हापूरच्याच राही सरनोबतचा पंचवीस मीटर पिस्तुलाचा प्रकार आठवा, ज्यात तिने 2013 मध्ये चांगवॉनला वर्ल्ड कपचं आणि 2018 मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या एशियन गेम्सचं सुवर्ण घेतलं. त्याच्या रॅपिड टप्प्यात हात खाली 45 अंशांवर, टार्गेट सात सेकंद बंद, मग तीन सेकंदच खुलं. त्या तीन सेकंदांत हात वर आणायचा, साईट जुळवायच्या, शॉट सोडायचा. मनगट वळवून साईट मध्ये आणायला तिथे वेळच नाही. हात वर आला तेव्हा साईट जुळलेल्याच असाव्या लागतात. ते काम ग्रिपचं.

आणि आपल्या स्वप्नीलची रायफल कोणी नीट पाहिली आहे का? तो पिस्तूल मारत नाही, हेही अजून पुष्कळांना सांगावं लागतं. त्याचा प्रकार पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन. त्या प्रकारातल्या रायफलीच्या दस्त्यावर स्क्रूच स्क्रू दिसतील. खांद्याचा भाग वर-खाली होतो, गालाचा तुकडा सरकतो, लांबी कमी-जास्त होते, कारण गुडघ्यावर बसलेलं, पालथं पडलेलं आणि उभं राहिलेलं शरीर सारखं नसतं. रायफल शरीराला जुळवून घ्यायची हे तिथे कोणी नाकारत नाही. पिस्तूल हातात आलं की मात्र शरीरानेच जुळवून घ्यावं, हा आग्रह का?

ग्रिप बसली की नाही, हे तपासायला महागडं काही लागत नाही. पिस्तूल रिकामं आहे याची कोचसमोर खात्री करायची. नेहमीसारखं उभं राहून ग्रिप पकडायची, डोळे मिटायचे, हात वर न्यायचा, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. असं पाच वेळा करायचं. पुढची साईट खाचेच्या मधोमध असेल तर ठीक. पाचातल्या चार वेळा एकाच बाजूला असेल तर ग्रिप चुकीची आहे, मुलगी नव्हे. मग तर्जनी बघायची. तिच्या पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर यावी आणि बाकीचं बोट लाकडाला न चिकटता मोकळं असावं. ग्रिप मोठी असली की बोट पोहोचत नाही, नुसतं टोक ट्रिगरला लागतं आणि ट्रिगर सरळ मागे न येता बाजूला ढकलला जातो. उजव्या हाताच्या मुलांचे छर्रे सारखे डावीकडे जाऊ लागले की मी टार्गेट नंतर बघते, आधी बोट बघते.

त्या मुलीच्या ग्रिपचं आम्ही काय केलं, तेही सांगते. आधी ग्रिप पिस्तुलावरून उतरवली; पिस्तुलावर असताना कानस लावायची नाही. लाकडाला खडूची पूड चोळली. तिने हात घट्ट न धरता नुसता बसवला आणि काढला. जिथे लागत होतं तिथली पूड तळव्यावर आली होती: अंगठ्याच्या मुळाशी भरपूर, तळव्याच्या खोलगट भागात काहीच नाही. अंगठ्याजवळ बारीक कानशीचे आठ-दहा हात मारले, मग पॉलिश पेपर, पुन्हा पूड, पुन्हा हात. बेचकी जरा वर सरकली आणि पिस्तुलाची नळी कोपरापासूनच्या रेषेत आली. तळव्याच्या पोकळीत एम-सीलचा सुपारीएवढा गोळा लावून तो ओला असतानाच तिच्या हाताने दाबून घेतला. पाम रेस्ट एक मिलिमीटर खाली घेतला, कारण उन्हाळ्यात तासाभराच्या सरावानंतर हात फुगतो आणि सकाळी नेटका बसणारा पाम रेस्ट दुपारी चिमटा काढतो. एका दिवसात एवढंच. मग आठवडाभर सराव आणि पुन्हा पूड. लाकूड काढणं सोपं असतं, परत लावणं कठीण, म्हणून घाई नाही.

वडील शेजारी उभे होते. कानस चालायला लागली तसा त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, एवढ्या महागाची वस्तू…" मला ते कळतं, मनापासून कळतं. पण ग्रिपवर कानस चालवणं म्हणजे वस्तू खराब करणं नव्हे, ती पुरी करणं आहे. कारखान्यातून येते ती ग्रिप अंदाजाने केलेली असते, कारण कारखान्याने तुमच्या मुलीचा हात पाहिलेला नसतो. जर्मनीतल्या रिंकसारखे खास ग्रिप बनवणारे म्हणूनच हात कागदावर ठेवून पेन्सिलीने काढलेली रेघ मागवून घेतात. आपल्याकडे मापाची चप्पल शिवून घ्यायची तर कारागीर पाय कागदावर ठेवून रेघ मारतो, तसंच. चपलेकडून शिकायचंच असेल तर आधी माप घ्यायचं हे शिका, चावून घेणं नको.

"ग्रिप अशी बदलणं नियमात बसत नाही, पोरगं बाद होईल," असंही ठासून सांगतात. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय महासंघाची नियमावली उघडून बघावी. हाताप्रमाणे ग्रिपला आकार द्यायला मनाई नाही. मनाई आहे ती हाताच्या पलीकडे आधार देण्याला: मनगट मोकळं दिसलं पाहिजे, पाम रेस्टचा ग्रिपशी कोन 90 अंशांपेक्षा कमी नको, तो हाताला पूर्ण वेढणारा नको, वर वळलेला नको. एअर पिस्तूल 1,500 ग्रॅमच्या आत आणि 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. एम-सील लावताना ते 50 मिलिमीटर तेवढे ध्यानात ठेवावेत. हाताला सगळीकडून वेढणाऱ्या ग्रिपचे फोटो फिरतात, ते जुन्या पन्नास मीटर फ्री पिस्तुलाचे. त्याचे नियम वेगळे होते आणि 2016 नंतर तो प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"घट्ट धर, म्हणजे हलणार नाही." उलट जास्त हलतं. बोटं वाकवणारे स्नायू कोपराखालच्या हातात असतात आणि एकमेकांशी जोडलेले असतात. करंगळी आवळली की तर्जनीही ओढली जाते, आणि आवळून आवळून कोपर दुखायला लागतं ते वेगळंच.

"मुलींचे हात नाजूक, त्यांना रायफल बरी." राहीच्या गावात हे कोणी बोलू नये.

"डावखुऱ्याने उजव्या ग्रिपवर सवय करावी." अजिबात नको. डाव्या हाताच्या ग्रिप मिळतात. उजवा हात ग्रेनेडच्या स्फोटात गेल्यावर हंगेरीच्या कारोय टाकाचने डाव्या हाताने 1948 आणि 1952 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली, तो हात कमी नव्हता.

"पोलिसांसारखं दोन्ही हातांनी धरलं तर?" ऑलिंपिकमधले पिस्तुलाचे सगळे प्रकार एका हाताचे आहेत.

"मनगटाला पट्टा बांधला की झालं." पिस्तूल धरलेल्या हाताला पट्टा, कडं, घड्याळ काहीही चालत नाही.

"पिस्तूल म्हणजे लायसन्स आलंच." 4.5 मिलिमीटर कॅलिबरच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे लायसन्स लागत नाही. पॉइंट टू-टूच्या पिस्तुलाला लागतं.

"एकदा ग्रिप बसवली की कायमची." मोठ्या माणसाचं एक वेळ चालेल. वाढत्या मुलाचा हात दर सहा महिन्यांनी कागदावर ठेवून रेघ मारा आणि जुन्या रेघेवर ठेवून बघा. बोट अर्ध्या पेराने वाढलं असेल तर ग्रिप पुन्हा बघायची वेळ आली.

पालकांना एकच विनंती आहे. पिस्तूल घ्यायला जाण्याआधी हाताच्या मापाचा कागद करा आणि तो कोचला दाखवा; आज त्या हाताला जी साइज बसते तीच घ्या, दोन वर्षांनी बसेल ती नको. आणि मुलीने ग्रिप तासली, एम-सीलने विद्रूप केली, तर तिला ओरडू नका. तिचा हात उघडून बघा. वळ गेलेले असतील.