विश्लेषण : गाडी स्वतःची, तरी भाडे दुसऱ्याच्या हाती, छोट्या ट्रकमालकांचे अर्थकारण कसे चालते?

कळंबोलीच्या पोलाद बाजाराबाहेर, भिवंडीच्या गोदामांजवळ किंवा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात उभ्या असलेल्या अनेक ट्रकचा मालकच त्या गाडीचा चालकही असतो. आज एका ट्रान्सपोर्ट कंपनीचा माल, तर चार दिवसांनी दुसरीचा. देशातील सुमारे ७० टक्के मालवाहतूक रस्त्याने होते आणि तिचा मोठा भार एक ते पाच गाड्या असलेल्या मालकांवर आहे. डिझेल, टोल, टायर आणि कर्जाचा हप्ता त्यांचा. भाड्याचा दर मात्र ते ठरवत नाहीत. असे का?

ट्रान्सपोर्टर आणि ब्रोकर कशासाठी?

कारखान्याला रोज ठरावीक संख्येने गाड्या लागतात आणि वाहतुकीचे बिल उधारीवर चुकवायचे असते. एकट्या ट्रकमालकाला हे झेपत नाही. त्यामुळे कंत्राट ट्रान्सपोर्ट कंपनी घेते. स्वतःच्या गाड्या कमी पडल्या, की ती बाजारातून गाड्या उचलते. त्या मिळवून देण्याचे काम ब्रोकर कमिशनवर करतो. ट्रकमालकाच्या दृष्टीने अनेक ट्रान्सपोर्टरशी संबंध ठेवणे फायद्याचे, कारण एकाकडे माल नसला तरी दुसऱ्याकडे मिळतो आणि गाडी उभी राहत नाही. पण यामुळे त्याला बारा महिने काम देण्याची जबाबदारीही कोणावर राहत नाही. कारखान्याने मूळ भाडे किती दिले, हे बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

तोट्याचे परतीचे भाडे का स्वीकारले जाते?

एक काल्पनिक हिशेब पाहू. एक हजार किलोमीटरच्या फेरीचे भाडे ४५ हजार रुपये आहे. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर चालते आणि डिझेल ९० रुपये धरले, तर इंधनाला २२,५०० रुपये लागतील. टोलचे सहा हजार आणि चालकाचा भत्ता व जेवणाचे तीन हजार वजा जाता १३,५०० रुपये उरतात. परतताना गाडी रिकामी आणली आणि लिटरला पाच किलोमीटर चालली, तर डिझेलचे १८ हजार, टोल आणि भत्ता मिळून २७ हजार रुपये खर्च होईल. म्हणजे संपूर्ण फेरीत १३,५०० रुपयांचा तोटा. हप्ता, विमा, टायर त्यानंतर.

भरलेल्या परतीच्या फेरीचा खर्च ३१,५०० रुपये आहे. तरीही कोणी ३० हजार देऊ केले, तर मालक ते घेतो, कारण तेवढ्यानेही दोन्ही फेऱ्या मिळून १२ हजार रुपये शिल्लक राहतात. त्याच्यापुरता हा निर्णय बरोबर असतो. पण बाहेरगावची प्रत्येक गाडी असाच हिशेब करू लागली, की ३० हजार हाच त्या मार्गाचा दर होतो आणि तिथल्या स्थानिक ट्रकमालकाची जातानाची फेरीच तोट्यात जाते.

२०१८ च्या बदलाचा परिणाम काय?

जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची वजनमर्यादा वाढवली. दोन आसांच्या ट्रकचे मालासह अनुज्ञेय वजन १६.२ वरून १८.५ टन आणि तीन आसांच्या ट्रकचे २५ वरून २८.५ टन झाले. वाहतूक स्वस्त व्हावी आणि बेकायदा जादा भरणा थांबावा, हा हेतू होता. पण तेवढाच माल कमी गाड्यांत मावू लागल्याने कामासाठीची स्पर्धाही वाढली. मर्यादेपेक्षा जास्त माल भरल्यास २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. माल भरणारा मागे राहतो. तपासणी नाक्यावर अडवली जाते ती गाडी.

पैसे कुठे अडकतात?

भाड्याचा काही भाग निघताना अ‍ॅडव्हान्स म्हणून मिळतो. बाकी रक्कम पोहोच पावती जमा केल्यावर. त्यातून माल कमी भरला, पोते फाटले, गाडी उशिरा पोहोचली अशा कारणांनी कपात होते. उतरवण्यासाठी गाडी दोन दिवस थांबली तर हॉल्टिंगचे पैसे मिळतीलच असे नाही. हमाली आणि वराईवरूनही वाद होतात. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची मागणी त्यातूनच आली. पाच ट्रान्सपोर्टरकडे थोडी थोडी बाकी अडकली, तरी हप्त्याची तारीख थांबत नाही.

कायदा काय संरक्षण देतो?

रस्ते मालवाहतूक कायदा, २००७ नुसार वाहतूकदाराला नोंदणी सक्तीची आहे आणि त्या व्याख्येत ब्रोकरही येतो. मात्र बिल्टी ट्रान्सपोर्टरच्या नावाने निघते. ट्रकमालकाचा व्यवहार त्याच्याशी असतो, माल पाठवणाऱ्याशी नाही. त्यामुळे ट्रान्सपोर्टरने बाकी बुडवली, तर कारखान्याकडे बोट दाखवणे अवघड जाते.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाला लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. मुदत चुकवणाऱ्याला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असलेल्या मालकाने पॅनसह तसे लिहून दिले, तर त्याच्या भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो.

मग अडचण कशात आहे?

हे हक्क मागायला कागद लागतो आणि ब्रोकरशी होणारा बराचसा व्यवहार फोनवरच ठरतो. अमेरिकेत ब्रोकरला प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवावी लागते, ती पाहण्याचा हक्क वाहतूकदाराला आहे आणि ब्रोकरला ७५ हजार डॉलरची हमी द्यावी लागते. तिथेही करारात हा हक्क सोडून द्यायला लावले जाते, अशी तक्रार आहेच. आपल्याकडे सुरुवात त्याहून साध्या गोष्टीपासून होऊ शकते. ठरलेले भाडे, अ‍ॅडव्हान्स, बाकी देण्याची तारीख आणि हॉल्टिंगचा दर लिहिलेली सहीची चिठ्ठी गाडी भरण्याआधी मालकाच्या हाती असली, तर थकलेली बाकी मागताना दाखवायला त्याच्याकडे काहीतरी असेल.