चेंडू खेळणारी यंत्रे

यंदाच्या मालेसाठी मी हा विषय कळवला, तेव्हा एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला वाटेत अडवून विचारले, "अहो, आपल्या पोरांना खेळायला धड मैदान नाही, आणि तुम्ही यंत्रांचा फुटबॉल कसला सांगता? हे शहाण्यांचे खेळणे झाले!" प्रश्न रोखठोक होता, आणि परभणीकर तो तसाच विचारणार हे मला ठाऊक होते. त्याचे उत्तर मी लगेच दिले नाही. ते या विवेचनाच्या ओघात, आले तर येईल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संमेलनांत 'रोबो-सॉकर' नावाची स्पर्धा भरते आणि ती पुष्कळांनी पाहिली असेल. तिथे चाकांची एक पेटी चेंडू ढकलते खरी, पण खटके दाबणारा विद्यार्थी बाजूला उभा असतो. ती कळसूत्री बाहुली होय. दोरी तेवढी तारेची किंवा बिनतारी. मी ज्या यंत्रांविषयी सांगणार आहे, त्यांच्या बाबतीत पंचाची शिट्टी झाली की माणसाने हात मागे घ्यायचे असतात. चेंडू कुठे आहे, आपला गडी कुठे आहे, मारावे की द्यावे, हे सर्व यंत्राने आपले आपण ठरवायचे.

ही कल्पना तशी फार जुनी नाही. 1992 च्या सुमारास कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे ॲलन मॅकवर्थ यांनी फुटबॉल हे यंत्रबुद्धीच्या परीक्षेचे चांगले क्षेत्र आहे असे मांडले. जपानमध्ये हिरोआकी कितानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सुमारास तोच विचार उचलला. 1996 मध्ये दक्षिण कोरियात साडेसात सेंटिमीटरच्या घनाकृती यंत्रांचे सामने झाले, आणि ऑगस्ट 1997 मध्ये नागोया शहरी पहिली 'रोबोकप' स्पर्धा भरली. तिच्या प्रवर्तकांनी उद्दिष्टही जाहीर केले: सन 2050 पर्यंत माणसाच्या आकाराच्या यंत्रांच्या संघाने, माणसांच्याच नियमांनी खेळून, त्या वेळच्या जगज्जेत्या संघाला हरवावे. मला स्वतःला या तारखेविषयी शंका आहे. दोन पायांवर चालणारी यंत्रे धक्का लागला की अजूनही वरचेवर कोलमडतात.

त्याच वर्षी, म्हणजे मे 1997 मध्ये, 'डीप ब्ल्यू' या संगणकाने जगज्जेत्या कास्पारॉवला सहा डावांच्या सामन्यात साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले होते. बुद्धिबळ सर झाले, मग फुटबॉलसारख्या धसमुसळ्या खेळात काय कठीण, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. बुद्धिबळात पट पूर्ण दिसतो. तुम्ही विचार करीत असता तेव्हा प्रतिपक्ष हात बांधून बसलेला असतो. उंट ज्या घरात ठेवाल त्याच घरात राहतो, घरंगळत नाही. फुटबॉलमध्ये यांतले एकही सुख नाही. तुम्ही विचार करीत असता तोवर चेंडू पुढे गेलेला असतो, अर्धे मैदान पाठीमागे असते, आणि मारलेला चेंडू जिथे जावा असे वाटते तिथे जाईलच असे नाही. शिवाय आपल्या बाजूने खेळणारी डोकी एक नव्हे, अनेक.

आता प्रत्यक्ष खेळ पाहू. या स्पर्धेत निरनिराळे विभाग आहेत. त्यांतील 'लहान आकाराचा' विभाग मला सर्वांत प्रेक्षणीय वाटतो. यंत्राचा व्यास 18 सेंटिमीटर आणि उंची 15 सेंटिमीटर यांपलीकडे जाता कामा नये. आपल्या घरातले पोळ्यांचे डबे यापेक्षा मोठे असतात. चेंडू नारिंगी रंगाचा, गोल्फचा. मैदान पहिल्या वर्षी टेबल-टेनिसच्या टेबलाएवढे होते. आता वरच्या गटात ते 12 मीटर लांब आणि 9 मीटर रुंद असते, आणि एका बाजूने अकरा यंत्रे उतरतात.

यंत्राला चार चाके असतात. प्रत्येक चाकाच्या कडेवर बारीक रुळांची माळ ओवलेली असते. त्यामुळे चाक पुढे रेटतेही आणि आडवे घसरूही देते, आणि यंत्र तोंड न वळवता खेकड्यासारखे कोणत्याही दिशेला सरकते. पुढच्या बाजूला एक रबरी रूळ गरगर फिरत असतो. तो चेंडूला उलटी फिरकी देऊन स्वतःकडे ओढून धरतो. मात्र वरून पाहता चेंडूचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग झाकायचा नाही असा दंडक आहे, नाहीतर सगळेच चेंडू पोटात घालून पळतील. लाथ मारण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. विहिरीवरच्या सिंगल-फेज मोटरला जो कपॅसिटर असतो, त्याच्याच एका भाऊबंदात वीज साठवायची आणि ती एकदम तारेच्या वेटोळ्यात सोडायची. वेटोळे लोखंडी दांडा खेचते, दांडा चेंडूवर आदळतो. चेंडू इतक्या जोराने सुटतो की सेकंदाला साडेसहा मीटरांपेक्षा वेग देऊ नये असा नियम करावा लागला.

पण या यंत्रांना डोळे नाहीत. मैदानाच्या वर कॅमेरे टांगलेले असतात. प्रत्येक यंत्राच्या माथ्यावर मधोमध निळा किंवा पिवळा ठिपका असतो, तो संघ सांगतो. भोवतीचे चार ठिपके ते यंत्र कितवे हे सांगतात. कॅमेऱ्याचे चित्र बाजूच्या संगणकाकडे जाते, संगणक डाव ठरवतो आणि बिनतारी संदेशाने हुकूम सोडतो. इथे एक मोठी अडचण उभी राहते. चित्र घेणे, वाचणे, ठरवणे, कळवणे आणि चाक फिरणे या सगळ्यांत मिळून सुमारे एक दशांश सेकंद जातो. तेवढ्यात काय बिघडते? सेकंदाला दोन मीटर वेगाने जाणारे यंत्र तेवढ्यात वीस सेंटिमीटर, म्हणजे स्वतःच्या रुंदीहून अधिक, सरकलेले असते, आणि सहा मीटर वेगाचा चेंडू साठ सेंटिमीटर. म्हणजे संगणक जे पाहतो ते मैदान नव्हेच. ती मैदानाची मघाची आठवण होय. म्हणून त्याला नेहमी पुढचे अजमावून हुकूम द्यावा लागतो. नागोयाला या विभागात जिंकलेल्या अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संघाने चेंडूच्या पुढील मार्गाच्या अशा अंदाजावर फार मेहनत घेतली होती. आपला क्षेत्ररक्षकही झेल घेताना चेंडू जिथे आहे तिकडे धावत नाही, जिथे पडणार तिकडे धावतो. फक्त त्याला हे कोणी शिकवलेले नसते.

चाणाक्ष श्रोता इथे मला धरील. अकरा यंत्रे आणि डोके मात्र एकच, तेही मैदानाबाहेर. मग यात संघ कुठे आला? आक्षेप बरोबर आहे. त्याचे उत्तर दुसऱ्या विभागात मिळते. तिथे यंत्रे नसतातच, सर्व खेळ संगणकाच्या आत चालतो. पण अकरा खेळाडूंचे अकरा स्वतंत्र कार्यक्रम असतात, आणि प्रत्येकाला त्याच्या समोरचाच टापू, तोही थोडा चुकीचा, दिसतो. शब्द ऐकू जातो फक्त पन्नास मीटरपर्यंत. तोही मोजका, आणि प्रतिपक्षालाही ऐकू जाणारा. अंगाविना डोकी, असे त्याचे वर्णन करता येईल. संघ म्हणजे काय, याची खरी कसोटी तिथे लागली.

या विभागात 1997 साली सुमारे तीस संघांत तिसरा आलेला 'आयसिस' हा संघ अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेचा होता, आणि तो घडवणाऱ्या गटाचे प्रमुख होते मिलिंद तांबे. आडनाव आपल्या ओळखीचे आहे. पिलानीच्या संस्थेतून शिकून तांबे अमेरिकेला गेले आणि 1991 मध्ये कार्नेगी मेलनमधून डॉक्टर झाले. फुटबॉलच्या आधी त्यांचा गट लष्करी सरावासाठी संगणकातली हेलिकॉप्टरे चालवणारे कार्यक्रम लिहीत होता. तिथे एक विचित्र प्रकार घडला. तुकडीने एका जागी थांबायचे, टेहळ्याने पुढे जाऊन पाहायचे आणि निरोप द्यायचा, असे ठरले होते. टेहळ्या टेकडीवर आदळून नष्ट झाला. उरलेली तुकडी निरोपाची वाट पाहत तिथेच घिरट्या घालीत राहिली, अगदी अखेरपर्यंत! दुसऱ्या एका वेळी कामगिरी संपल्याचे नायकाला कळले आणि तो एकटाच तळावर परतला. बाकीचे रणांगणावरच राहिले. एकेक गडी आपल्या कामात चोख होता. तुकडी म्हणून ते कोणीच नव्हते.

हे ऐकून आपल्याला हसू येते, पण आपल्याकडे रात्री पाणी देणाऱ्या कोणालाही हा प्रसंग नवा नाही. एक जण विहिरीवर मोटरीपाशी, दुसरा अर्ध्या फर्लांगावर उसात दारे धरून. लाईट जाते. मोटर थांबल्याचे विहिरीवरच्याला तत्क्षणी कळते. त्याच्या दृष्टीने काम संपले, तो घोंगडी ओढून घेतो. फावडे घेतलेला मात्र काळोखात सरीकडे बघत उभा! दोघांनी आपापले काम केले, भांडण सकाळी होते.

तांबे यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचा गाभा याच ठिकाणी आहे. कोहेन आणि लेव्हेक यांच्या तात्त्विक विवेचनावरून त्यांनी यंत्राच्या अंगी एक कर्तव्य बाणवले. सामाईक काम पूर्ण झाले, अशक्य झाले किंवा निरर्थक झाले असे एका गड्याला कळले, तर ते सोडण्यापूर्वी त्याने ते इतरांना कळवलेच पाहिजे. हे कर्तव्य प्रत्येक कामासाठी वेगळे लिहायचे नाही. संघात असण्याचा तो सर्वसाधारण धर्म म्हणून एकदाच लिहायचा. त्यामुळे हेलिकॉप्टरांसाठी केलेले काम फुटबॉलच्या संघाला लागू पडले. चेंडू गोलाजवळ आल्याचे ज्या बचावपटूला दिसले, त्याने ओरडून इतरांना सावध करायचे, मग चौघांनी मिळून पवित्रा बदलायचा. कबड्डीत साखळी धरणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही, हाताचा हिसका पुरतो. यंत्राच्या हातात हात नसतो.

आणि इथेच त्यांनी दुसरी एक गोष्ट जोडली, जी मला अधिक शहाणपणाची वाटते. प्रत्येक गोष्ट ओरडून सांगत बसले तर खेळ राहील बाजूला आणि नुसता गलका होईल. शिवाय शत्रू ऐकतो. म्हणून बोलण्याला किंमत लावायची. न बोलल्याने होणारे नुकसान बोलण्याच्या खर्चाहून मोठे असेल तरच तोंड उघडायचे. (आमच्या काही सभांच्या कार्यकारिणीला हा नियम लावता येईल काय, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.)

यानंतर बऱ्याच वर्षांनी, हार्वर्ड विद्यापीठात गेल्यावर, तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या 'अरमान' या संस्थेबरोबर काम केले. ही संस्था 'एममित्र' या नावाने गर्भवती आणि बाळंतिणींना दूरध्वनीवरून आरोग्याचे ध्वनिसंदेश विनामूल्य पाठवते. काही स्त्रिया हळूहळू संदेश ऐकणे सोडून देतात. कार्यकर्तीने स्वतः फोन केला तर पुष्कळदा त्या टिकतात, पण कार्यकर्त्या थोड्या आणि स्त्रिया हजारो. मग या आठवड्यात फोन कोणाला करावा? गणिताने केलेल्या निवडीचा प्रयोग 23,003 स्त्रियांवर करण्यात आला. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ऐकण्यात होणारी घट त्यामुळे सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाली. इथले गणित फुटबॉलचे नव्हे, हे स्पष्ट सांगतो. पण बोलण्याचे साधन तुटपुंजे असताना ते कोणावर खर्चावे, हा प्रश्न त्याच घराण्यातला आहे.

आता घराजवळ येऊ. आपल्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाखाली, यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने शेतीच्या कामी कशी आणावीत यासाठी केंद्र उभारण्यात आले. कपाशीच्या तासांतून चालणाऱ्या यंत्राला मैदानाची पांढरी रेघ नाही, माथ्यावर टांगलेला कॅमेरा नाही; ढेकूळ आहे, चिखल आहे, मध्येच आलेली शेळी आहे. एकाच वावरात अशी दोन यंत्रे सोडली आणि एकाची बॅटरी अर्ध्या तासात संपली, तर दुसऱ्याने काय करावे? हा प्रश्न आणि टेकडीवर आदळलेल्या टेहळ्याचा प्रश्न यांत मला काही फरक दिसत नाही.

मुलांसाठीही या स्पर्धेची एक शाखा आहे. 2000 साली मेलबर्नला तिचा पहिला आंतरराष्ट्रीय मेळा झाला. तिच्या अनेक सामन्यांत कॅमेऱ्याची गरजच ठेवलेली नव्हती. चेंडूच्या आतच दिवे असत, आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे, दूरचित्रवाणीच्या रिमोटमध्ये असतात तसे. यंत्राच्या भोवती तो प्रकाश ओळखणारे डोळे बसवायचे; ज्या डोळ्याला सर्वांत जास्त उजेड, तिकडे चेंडू. गोल कोणत्या दिशेला हे होकायंत्राने ओळखायचे, आणि तिथे मुलांना पहिला धडा मिळतो, कारण मोटरीतले चुंबक होकायंत्राला फसवते. आपल्या काही शाळांत 2016 पासूनच्या अटल योजनेतून प्रयोगशाळा आल्या आहेत. त्यांतल्या पेट्या उघडल्या गेल्या आहेत काय, हे पालकांनी एकदा जाऊन पाहावे.

माझ्या त्या स्नेह्यांची नंतर पुन्हा गाठ पडली. टेहळ्याची गोष्ट मी त्यांना सांगितली. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "मग विहिरीवरच्याला शिट्टी द्या म्हणावं, एवढंच ना?" मी म्हटले, शिट्टी देणे सोपे आहे, ती कधी वाजवायची हे त्याला कळावे, यासाठी ही मंडळी तीस वर्षे चेंडू खेळत आहेत.