गिअर हाताने की आपोआप?

आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये दोन वाद कधीच मिटत नाहीत. एक क्रिकेटचा आणि दुसरा गाड्यांचा. खिशात बसच्या पासापलीकडे काही नसले तरी स्पोर्ट्‌स कार घ्यायची झालीच तर हाताने गिअर बदलायची घ्यावी की स्वयंचलित, यावर चहा गार होईपर्यंत चर्चा चालते. 'स्वयंचलित म्हणजे आळशांची गाडी' हे त्या वादातले माझे ठरलेले वाक्य. दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला मामांकडे जाऊन आल्यापासून मात्र ते वाक्य माझ्या तोंडी येत नाही. असे का झाले, हे सांगण्यापूर्वी मूळ विषय थोडा समजून घेऊ. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. तेव्हा यंत्राविषयी लिहिताना काही चुकले तर विज्ञान शाखेच्या मित्रांनी सांभाळून घ्यावे. कन्नड विभागातील वाचकांनाही अडचण पडू नये, कारण गिअरला गिअर आणि क्लचला क्लच म्हणण्यावाचून दोन्ही भाषांत कुणाची सुटका नाही.

गिअर हवा तरी कशाला? विजेची मोटर शून्यापासून जोर देऊ शकते, पेट्रोलच्या इंजिनाला ते जमत नाही. मिनिटाला सातआठशे फेऱ्यांच्या खाली गेले की ते बंद पडते आणि सहासात हजारांच्या वर सामान्य इंजिनाला झेपत नाही. गाडीची चाके मात्र थांबलेल्या अवस्थेपासून महामार्गावरच्या वेगापर्यंत फिरायला हवीत. हा मेळ गिअरबॉक्स घालते. लहान दातेरी चाकाने मोठे चाक फिरवले तर फेरे कमी होतात, पण जोर वाढतो. पहिल्या गिअरात इंजिनाचे साधारण तीनसाडेतीन फेरे झाले की गिअरबॉक्समधून बाहेर एक फेरा येतो. म्हणून गाडी जागची हलते, चढ चढते. वरच्या गिअरात जोर कमी आणि वेग जास्त. गिअर बदलताना इंजिन आणि चाके यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. ते काम डाव्या पायाखालच्या क्लचचे. हा डावा पाय या लेखात पुढे पुन्हा येणार आहे.

इंदूरला या विषयाचा जुना इतिहास आहे. महाराजा यशवंतराव होळकर (द्वितीय) हे १९२६ साली गादीवर आले. आधुनिक कलेचे आणि मोटारींचे ते मोठे षौकी. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. त्याच माणिकबागेत पुढे केंद्रीय कर खात्याचे कार्यालय आले, हे आम्हा वाणिज्यवाल्यांनी लक्षात ठेवण्याजोगे! महाराजांच्या मोटारींत सर्वांत गाजली ती अमेरिकेची ड्युझेनबर्ग एसजे. तिच्यावरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीने १९३० च्या दशकाच्या मध्यात चढवली. रंग केशरी आणि काळा, चासी लांबलचक आणि बसायची सोय मुख्यतः दोघांची. गाडीत महाराज आहेत की महाराणी, हे पोलिसांना कळावे म्हणून पुढे तांबडे आणि निळे दिवे होते, असे सांगतात. आठ सिलिंडरांचे जवळजवळ ६.९ लिटरचे इंजिन आणि वर सुपरचार्जर. कंपनीने सांगितलेली ताकद ३२० अश्वशक्ती. एवढ्या ताकदीला गिअर मात्र तीनच, आणि तेही हाताने बदलायचे. दुसऱ्या गिअरातच गाडी ताशी १०४ मैल, म्हणजे सुमारे १६७ किलोमीटर जाते, असा कंपनीचा दावा होता. इतका जोर असला की गिअर फार बदलावेच लागत नाहीत.

त्या काळी गिअर बदलणे ही विद्याच होती. दोन्ही दातेरी चाकांचा वेग जुळवून देणारी सिंक्रोमेश योजना कॅडिलॅकने १९२८ साली आणली, पण ती सर्वत्र पोहोचायला वेळ लागला. तोवर चालकाने क्लच दाबून गिअर काढायचा, क्लच सोडून इंजिनाचा वेग जुळवायचा, पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर घालायचा. चुकले की दात करकरले आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना कळले. यातून सुटका करण्याचे प्रयत्नही तेव्हाच सुरू झाले. इंग्लंडच्या डेमलर कंपनीने १९३० साली द्रवाने भरलेले फ्लायव्हील आणि विल्सन पद्धतीची गिअरबॉक्स एकत्र आणली. पुढचा गिअर खटक्याने आधीच निवडून ठेवायचा आणि वेळ येताच पायाने पट्टी दाबायची. संपूर्ण स्वयंचलित अशी जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक १९४० च्या ओल्डस्मोबिल मॉडेलबरोबर आली. तेव्हा हा वाद आमच्या कॅन्टीनपेक्षा पुष्कळ जुना आहे.

आज 'स्वयंचलित' या एका नावाखाली निरनिराळी यंत्रे येतात आणि वादातला निम्मा गोंधळ यामुळेच होतो. पहिला प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. यात क्लचच्या जागी तेलाने भरलेली एक पेटी असते. इंजिनाकडील पाती तेल फिरवतात आणि ते तेल समोरची पाती फिरवते. समोरासमोर दोन पंखे ठेवून एक चालू केला की दुसराही फिरू लागतो, तसेच हे. दुसरा प्रकार एएमटी. गिअरबॉक्स नेहमीचीच, फक्त क्लच दाबण्याचे आणि दांडा हलवण्याचे काम यंत्र करते. आपल्याकडे हा प्रकार २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने घरोघरी पोहोचवला. तिसरा प्रकार सीव्हीटीचा, ज्यात दातेरी चाकांऐवजी पट्टा आणि कमीजास्त होणाऱ्या पुल्या असतात. चौथा दोन क्लचांचा, आणि स्पोर्ट्‌स कारच्या वादात खरा प्रतिस्पर्धी हाच. एका क्लचवर १, ३, ५ हे गिअर आणि दुसऱ्यावर २, ४, ६. गाडी तिसऱ्यात धावत असतानाच चौथा तयार असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो, त्यामुळे चाकांकडे जाणारा जोर जवळजवळ तुटतच नाही. पोर्शेने ही पद्धत १९८० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर वापरून पाहिली आणि २००८ साली ९११ या गाडीत बसवली.

माणसाचा हात कितीही सराईत असला तरी गिअर बदलताना थोडा वेळ इंजिन मोकळे फिरतेच. त्याचा परिणाम किती? २०१७ ची पोर्शे ९११ जीटी३ दोन्ही प्रकारांत मिळत असे. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठायला दोन क्लचांच्या गाडीला ३.४ सेकंद लागत, हाताच्या गिअरवालीला ३.९. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा फरक. पण कमाल वेग पाहा. स्वयंचलितचा ३१८, हाताच्या गिअरवालीचा ३२०! एकदा वरच्या गिअरात स्थिरावल्यावर गिअर कोण बदलतो हा प्रश्नच उरत नाही. इंदूरजवळ पीथमपूरला २०२१ साली 'नॅट्रॅक्स'चा ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगवान चाचणी मार्ग सुरू झाला. त्याची वळणे ताशी २५० किलोमीटर वेगाला सहज पेलतील अशी कलती बांधली आहेत. तेथे एकाच वेगाने फेऱ्या मारणाऱ्या गाडीला गिअरबॉक्सच्या प्रकाराने फारसा फरक पडायचा नाही. फरक पडतो तो वळणावळणाच्या रस्त्यावर, चढावर, आणि सर्वांत अधिक उतारावर.

आता मामांची गोष्ट. त्यांच्या डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून क्लच दाबणे त्यांना जमेना. दीड वर्ष गाडी अंगणात झाकून उभी होती आणि मामी भाजीपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे रिक्षाने जात होती. मोठ्या मिनतवारीनंतर त्यांनी जुनी गाडी विकून एक वापरलेली स्वयंचलित गाडी घेतली, टॉर्क कन्व्हर्टरची. दिवाळीनंतर तीच काढून आम्ही महेश्वरला निघालो. मामा पुन्हा स्टिअरिंगवर बसलेले पाहून मामीला झालेला आनंद मी पाहिला आहे. माझे आळशांच्या गाडीचे वाक्य मी तिथेच गिळले.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तर नर्मदाकाठचे महेश्वर दीडशेच्या आसपास. मधे विंध्याद्रीची उतरण. मानपूरच्या पुढे रस्ता खाली उतरू लागला. मामांनी दांडा 'डी' वर ठेवला होता आणि पाय ब्रेकवर. गाडी आपोआप चालते, मग आपण काय करायचे, असा त्यांचा समज. थोड्या वेळाने जळका वास येऊ लागला आणि ब्रेकची पट्टी पायाखाली मऊ लागते आहे, असे मामा म्हणाले. कशीबशी गाडी कडेला घेतली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. जवळच थांबलेला एक ट्रकवाला खाली उतरला, वाकून पाहिले आणि म्हणाला, "बाबूजी, ब्रेक से नहीं, गियर से उतारो." मग मला म्हणाला, "बिटिया, जिस गियर में चढ़ते हैं, उसी में उतरते हैं." ब्रेक गार व्हायला पाऊण तास लागला. नंतर मामांनी दांडा 'एल' वर आणि उतार कमी झाल्यावर 'दोन' वर ठेवला. इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडी मुठीत धरल्यासारखी खाली आली. ब्रेक जेमतेम लावावा लागला.

परत आल्यावर विज्ञान शाखेतल्या मैत्रिणीने हिशेब मांडून दिला. माणसांसकट १२०० किलोची गाडी ४०० मीटर खाली आली की सुमारे ४७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात २० अंशांचे चौदा लिटर पाणी उकळीला येईल. काही भाग हवा आणि टायर घेतात. उरलेला ब्रेकने घ्यायचा की इंजिनाने, हे गिअर ठरवतो. खालच्या गिअरात ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन एखाद्या जड पंपासारखे चाकांना मागे ओढते आणि ती उष्णता इंजिनातून बाहेर पडते. स्वयंचलित गाडी 'डी' मध्ये असताना मात्र तिला पुढचा उतार दिसत नाही. ॲक्सिलरेटर सुटलेला पाहून ती बहुधा वरचा गिअर घालते आणि ही ओढ नाहीशी होते. गाडी न्यूट्रलवर सोडली तर ओढ मुळीच राहत नाही. याच महामार्गावरच्या गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन मालमोटारींचे इतके अपघात झाले की शेवटी उतरणीसाठी नवा रस्ता काढावा लागला. हा नियम स्पोर्ट्‌स कारलाही तसाच लागू. तिच्या स्टिअरिंगमागच्या पट्ट्या दिखाव्यासाठी नाहीत. यंत्राला न दिसणारे वळण वा उतार चालकाने आधी सांगावा, यासाठी त्या आहेत.

थोडे आमच्या शाखेचेही बोलू. साध्या गाडीत एएमटीसाठी साधारण अर्ध्या लाखाच्या आसपास जादा मोजावे लागतात. हाताच्या गिअरची दुरुस्ती सोपी आणि कुठल्याही गावात होणारी, पण शहरी गर्दीत तिची क्लच प्लेट लवकर झिजते. दोन क्लचांची गिअरबॉक्स बिघडली तर खर्च मोठा. केवळ किंमत पाहून मात्र भागत नाही, 'संधी खर्च' नावाची एक संकल्पना आम्हाला शिकवतात. मामांची गाडी दीड वर्ष अंगणात उभी होती. घसारा चालू, विमा चालू, रिक्षाचा खर्च वेगळा. त्या हिशेबात स्वयंचलित गाडी महाग ठरत नाही.

स्पोर्ट्‌स कारच्या बाजारात हिशेब उलटा होतो. पोर्शेने २०१३ साली जीटी३ केवळ स्वयंचलित स्वरूपात आणली. वेगाच्या दृष्टीने ते बरोबरच होते. तरीही गिऱ्हाइके नाराज झाली. २०१६ साली कंपनीने केवळ हाताच्या गिअरची ९११ आर काढली, फक्त ९९१ गाड्या. त्यांच्या किमती बाजारात मूळ किमतीच्या कितीतरी वर गेल्या आणि २०१७ साली जीटी३ मध्ये हाताचा गिअर परत आला. उलट शेव्हरोलेची कॉर्व्हेट २०२० च्या मॉडेलपासून फक्त दोन क्लचांची झाली. हाताचा गिअर आज वेगासाठी कोणी घेत नाही. स्वतः काही केल्याच्या समाधानासाठी घेतात, आणि दुर्मिळतेमुळे त्या समाधानाला बाजारभावही आला आहे.

तात्पर्य काय? घड्याळ लावून शर्यत करायची असेल तर दोन क्लचांची स्वयंचलित घ्यावी. रोज शहरातल्या गर्दीतून जायचे असेल, किंवा डावा पाय साथ देत नसेल, तर स्वयंचलितच घ्यावी आणि त्यात कमीपणा मानू नये. गाडी चालवणे हाच छंद असेल, रस्ते मोकळे असतील आणि आपला हात बसला असेल, तर हाताच्या गिअरइतकी मजा दुसरी नाही. निवड कुठलीही असो, 'डी' च्या खाली असलेली अक्षरे कशासाठी आहेत, हे घाटापूर्वी वाचून ठेवावे.

आपल्याकडे दुचाकीच्या परवान्यात 'गिअरसह' आणि 'गिअरविरहित' असा भेद आहे, मोटारीच्या परवान्यात तो नाही. इंग्लंडमध्ये स्वयंचलित गाडीवर परीक्षा दिली तर तेवढीच गाडी चालवता येते. मी सध्या हाताच्या गिअरच्या गाडीवर शिकते आहे. चढावर ती अजून बंद पडते आणि मागचे हॉर्न वाजवतात. मामांचा परवा फोन आला होता. मामीला घेऊन ते पुन्हा महेश्वरला जाऊन आले. "घाट 'एल' वर उतरलो बरं का," एवढे त्यांनी आवर्जून सांगितले.