सिरॅमिक ब्रिज : सांध्यात साठणारा ताण

पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर टोप्या चढवायच्या आणि त्या टोप्यांना जोडून मधला कृत्रिम दात अधांतरी धरायचा, या रचनेला दंतवैद्यकात ब्रिज म्हणतात. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ती दोन टेकूंवरची तुळई असते. घास चावताना ही तुळई किंचित वाकते, चावण्याच्या पृष्ठभागाकडे दाब आणि हिरडीकडे ताण निर्माण होतो. सिरॅमिक दाब उत्तम सोसते. ताणाखाली मात्र धातूप्रमाणे नमते घेणे त्याला जमत नाही, आणि त्यातली नजरेला न दिसणारी चीर उघडत जाऊन शेवटी तुकडा पडतो.

ठिसूळ द्रव्याची ही खोड पेण आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांतील मूर्तिकारांच्या रोजच्या व्यवहारातली आहे. शाडूची मूर्ती सावलीत सावकाश वाळवावी लागते, कारण आतला भाग ओला असताना बाहेरचा थर आकसला तर त्या थरात ताण येऊन तो तडकतो. प्लास्टरच्या पोकळ मूर्तीला आतून काथ्या लावतात तो याचसाठी, की ताण धाग्यांनी घ्यावा. दंतप्रयोगशाळेत जबड्याची प्रतिकृती ज्या डेंटल स्टोनमध्ये ओततात, तोही रासायनिकदृष्ट्या प्लास्टरच, फक्त अधिक घट्ट कणांचा. ब्रिजच्या सिरॅमिकमध्ये मात्र काथ्या घालता येत नाही, त्यामुळे चिरेला अडवण्याची व्यवस्था द्रव्याच्या घडणीतच करावी लागते.

साध्या फेल्डस्पार पोर्सेलीनची वाकताना तुटण्याची मर्यादा ६० ते १०० मेगापास्कल, म्हणून ते दीर्घकाळ धातूच्या सांगाड्यावरच चढवले गेले. लिथियम डायसिलिकेट ही काचेत स्फटिक वाढवून केलेली सामग्री साधारण ४०० पर्यंत जाते, तर झिर्कोनिया ९०० ते १२०० पर्यंत. झिर्कोनियाची करामत १९७५ साली गार्वी आणि सहकाऱ्यांनी दाखवली. दातांसाठीच्या झिर्कोनियात सुमारे ३ टक्के यिट्रियाने एका रूपात थोपवून धरलेला स्फटिक चिरेच्या टोकाशी ताण येताच दुसऱ्या रूपात जातो, सुमारे ४ टक्के फुगतो आणि चिरेला आवळून धरतो.

जाहिरातीत हाच मोठा आकडा मिरवतो, पण तेवढ्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. ताण सर्वाधिक साठतो तो मधला दात आणि टोपी यांच्या सांध्यात, आणि तो सांध्याच्या उंचीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. उंची ३ वरून ४ मिलिमीटर केली, तर ताण जवळजवळ ४४ टक्क्यांनी घटतो. तुळईची लांबी दुप्पट झाली, तर वाक आठपट होतो. म्हणूनच दाढांकडील तीन दातांच्या ब्रिजला झिर्कोनियात सुमारे ९ चौरस मिलिमीटरचा सांधा पुरेसा मानतात, तर लिथियम डायसिलिकेटला १६ लागतो आणि ते सहसा दुसऱ्या उपदाढेच्या पलीकडे वापरत नाहीत.

ताठरपणाचाही हिशेब आहे. झिर्कोनिया पोर्सेलीनच्या जवळजवळ तिप्पट ताठर असल्याने भाराचा मोठा वाटा तेच उचलते. तरीही हिरडीकडच्या बाजूला दुबळ्या पोर्सेलीनचा थर दिला, तर चीर तिथूनच सुरू होऊ शकते, म्हणून ती बाजू उघड्या झिर्कोनियाची ठेवणे शहाणपणाचे. दोन थर भाजल्यावर असमान आकसले किंवा भट्टीतून घाईने काढले, तर भार येण्याआधीच आत ताण अडकून राहतो. झिर्कोनिया उष्णतेचे मंद वाहक असल्याने हा धोका वाढतो आणि पुढे पोर्सेलीनचे टवके उडतात. एकसंध झिर्कोनियाकडे आज असलेला कल त्यातूनच आला. परंतु अधिक पारदर्शक दिसावे म्हणून यिट्रिया ५ टक्क्यांपर्यंत वाढवलेल्या प्रकारात स्फटिक रूप बदलण्याची क्षमता बरीचशी गमावतो, आणि सौंदर्याची किंमत बळकटीत मोजावी लागते.

तेव्हा दवाखाना रोह्यातला असो वा मुंबईतला, ब्रिज करून घेणाऱ्याने केवळ ‘झिर्कोनिया आहे ना?’ एवढ्यावर न थांबता ते कोणत्या प्रकारचे आहे आणि सांध्याला किती उंची मिळणार आहे, हे दोन प्रश्न दात घासण्यापूर्वीच विचारावेत.